त्या यादीवर माझी सही नव्हती

बाबा, तुझं तेरावं होऊन आज तीन दिवस झाले आणि तुझ्यासाठी रडायचं की तुझ्याशी भांडायचं, हे माझं अजून ठरत नाही. सकाळी रडते, दुपारी भांडते. आई म्हणते, "बाय, काय तरी एक कर." पण एकच काहीतरी करता आलं असतं, तर मी हे लिहायला बसलेच नसते.

तू कसा गेलास, किती वाजता, शेवटचं पाणी कोणी पाजलं, हे मी इतक्या माणसांना सांगितलंय की आता ते दुसऱ्याच कुणाच्या घरात घडल्यासारखं वाटतं. ते तुला परत सांगत नाही. तुला सांगायचंय ते तू गेल्यानंतर पाचव्या दिवशी घडलं.

पाचव्या दिवशी अन्सारी सर आले. मला टेनिसची रॅकेट धरायला शिकवणारे आपले अन्सारी सर. लूमच्या कारखान्यामागचं ते एकुलतं एक सिमेंटचं कोर्ट आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ त्यांचा तो खर्जातला आवाज. आता गुडघ्यांनी थकलेत, काठी घेऊन रिक्षातून उतरले. ओटीवर खुर्ची दिली, चहा दिला. तुझ्या फोटोकडे बघत म्हणाले, "बेटा, तेरे बाबा जैसा आदमी नहीं देखा मैंने. बस एक ही बात का मलाल रह गया. सोलापूर में तुझे साइन कर देना चाहिए था."

मी विचारलं, "कसली साइन, सर?"

"वही, लकी लूजर वाली. दूसरे दिन सुबह नौ के पहले ऑफिस में जाके साइन करना था. तू तो बाथरूम में बंद होके रो रही थी, और मेरी दूसरी लड़की का मैच लग गया था. तो मैंने बाबा को बोला. जाते जाते फिर एक बार बोला. बोले, हां हां, सांगतो मी तिला."

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बशीत कप ठेवला. "बोला नहीं था क्या उन्होंने?"

"बोलले होते सर," मी म्हणाले. "मीच नाही थांबले."

हे मी का म्हणाले? तुला जाऊन पाच दिवस झाले होते, तुझी बाजू घ्यायची मला काही गरज नव्हती. पण तोंडातून तेच आलं. सर मान हलवत गेले आणि मी आत येऊन तांदळाच्या पिंपावर बसून राहिले. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाकडे तक्रार करायची?

तुला हे सगळे नियम पाठ होते, माझ्यापेक्षा जास्त. तरी मी एकदा पहिल्यापासून मांडते, कारण सध्या डोकं ठिकाणावर नाही. मांडल्यावर कदाचित माझं मलाच समजेल.

स्पर्धेचा मुख्य ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता, बत्तीस जणींचा. जगाच्या क्रमवारीत ज्या वर, त्यांना थेट प्रवेश. त्यांतल्याही सगळ्यात वरच्या आठ जणींना मानांकन मिळतं, म्हणजे त्यांना ड्रॉमध्ये लांब लांब बसवतात, पहिल्याच दिवशी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून. वर्तमानपत्रं मानांकन म्हणतात, सर सीडिंग म्हणायचे. तू पहिल्यांदा 'सीड' ऐकलंस तेव्हा विचारलं होतंस, "सीड म्हंजे बी? आपन पेरतो ती?" सर म्हणाले, "हां, वही समझो." झालं. त्या दिवसापासून तुझ्या तोंडी मानांकित खेळाडू म्हणजे 'बियानं'. एखादी मोठी खेळाडू पहिल्या फेरीत हरली की तू टीव्हीसमोर मांडीवर थाप मारून म्हणायचास, "बियानं बोगस निघालं!"

उरलेल्या थोड्या जागा भरायला मुख्य स्पर्धेच्या आधी दोन-तीन दिवस पात्रता फेरी. क्रमवारीत खाली असलेल्या आमच्यासारख्या पोरी तिथे. तिथेही पुन्हा मानांकन असतं. सोलापूरला त्या पात्रता फेरीत मी सातवी मानांकित होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावापुढे आकडा लागला होता आणि तू तो कागद मोबाइलवर काढून मानकोलीच्या नाक्यावर चहावाल्यालाही दाखवला होतास.

मानांकन होतं म्हणून पहिल्या फेरीत मला बाय होता. ते वाचून आपण दोघं किती हसलो! त्याच्याही सहा-सात वर्षं आधीची गोष्ट. ठाण्याला माझी पहिली जिल्हा स्पर्धा, भिंतीवर ड्रॉ लावलेला. तू चष्मा लावून एकेक अक्षर जोडत वाचलंस आणि माझ्याकडे वळलास. "तुझी पहिली मॅच बायशी हाय. कोन ही बाय? कुठली?" आपल्याकडे घरोघरी पोरीला, बहिणीला बायच म्हणतात, तुझी तरी काय चूक? पण तू एवढ्यावर थांबला नाहीस. टेबलामागच्या माणसाला जाऊन विचारलंस, ती बाय डावखुरी आहे का, उंच आहे का. तो म्हणाला, "काका, बाय म्हणजे मॅचच नाही. ती न खेळता पुढे." तू परत येऊन मला गंभीरपणे सांगितलंस, "ती आलीच नाय. आजारी असंल बिचारी." मी तेरा-चौदा वर्षांची. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

पण बघ ना, पाचव्या दिवसानंतर मी त्या आठवणीला धरूनच बसलेय. जो माणूस बायला बाई समजला, तो लकी लूजरला काय समजला असेल?

लकी लूजर म्हणजे पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरलेली, पण नशीबवान. मुख्य ड्रॉमधून कुणी आयत्या वेळी माघार घेतली, कुणाचा पाय मुरगळला, की ती रिकामी जागा हरलेल्यांतल्या क्रमवारीत वरच्या मुलीला मिळते. अट एकच. तिने सकाळी ऑफिसात येऊन यादीवर सही करायची आणि तिथेच थांबायचं. सही नाही तर नाव नाही, मग तू कितीही वरची अस.

त्या दिवशी शेवटच्या फेरीत हरलेल्या सगळ्या पोरींत क्रमवारीने मी पहिली होते. तिसरा सेट होता, एक पॉइंट हातात होता आणि मी दुहेरी चूक केली. तेव्हा मला यादी, सही, नियम, काही सुचत नव्हतं. मी बाथरूमची कडी लावली. बाहेर आले तेव्हा तू माझी बॅग आवरून उभा होतास. माझा फोनही नेहमीसारखा तुझ्या कापडी पिशवीत. तू एवढंच म्हणालास, "चल बाय, घरी जाऊ." मी निघाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोनवर ड्रॉ उघडला. एक मोठी खेळाडू निघून गेली होती आणि तिच्या जागी एका मुलीचं नाव, पुढे कंसात दोन एल. पात्रता फेरीत माझ्या खालची होती ती. म्हणजे ती जागा माझी होती, बाबा. आयुष्यात एकदाच मुख्य ड्रॉचं दार किलकिलं झालं आणि मी तेव्हा घरी बसून भाकरी खात होते.

मी रडायला लागले. तू विचारलंस, "काय झालं? हे एल-एल काय हाय?" मी हुंदके देत सगळं समजावलं. सही कुठे करायची, कशासाठी, का थांबायचं. आणि म्हणाले, "मीच बावळट. ऑफिसबाहेरचा नोटीस बोर्ड वाचला नाही. मीच माझ्या हाताने घालवलं."

तू उठून मोरीवर गेलास आणि हात धुतलेस. बराच वेळ धुतलेस. तू जेवला नव्हतास, हे मला त्या पाचव्या दिवशी, पिंपावर बसल्यावर आठवलं.

त्यानंतर मी वर्षभर खेळले. कुठल्याच मुख्य ड्रॉपर्यंत पोचले नाही. मग मानकोलीच्या गोदामात डिस्पॅचला लागले, शिफ्ट सुरू झाली, आणि शनिवार-रविवारी सरांच्या कोर्टवर पोरांना शिकवू लागले. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत विषय निघाला की मी हेच म्हणायचे, मीच बावळट, बोर्ड वाचला नाही. मावशीला सांगितलं, गोदामातल्या मैत्रिणींना सांगितलं, मला बघायला आलेल्या माणसांनासुद्धा सांगितलं; फक्त सरांसमोर लाजेने हा विषय कधी काढला नाही. तू प्रत्येक वेळी समोर होतास. मूग गिळून बसलास.

म्हणून रागावलेय मी. जागा गेली म्हणून नव्हे, खरंच. पहिल्या फेरीत बाराव्या-तेराव्या गेमलाच कुणी माझा निकाल लावला असता, मला माहीत आहे. पण नऊ वर्षं मी स्वतःला बावळट म्हणत होते आणि तू ते ऐकून घेत होतास. ऐकून घेणाऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार करायला मला कारणच नव्हतं.

आता एवढंच कळायचं राहिलंय की तू मला का नाही सांगितलंस.

कधी वाटतं, तुला ती सहीच नको होती. आजोबांनी खाडीकडच्या जमिनीच्या कुठल्याशा कागदावर अंगठा दिला आणि ती जमीन गेली, हे तू आम्हाला जेवताना, झोपताना, प्रवासात, सगळीकडे सांगितलंयस. "सही म्हंजे मान कापून देनं," हे तुझं वाक्य. कुरिअरवाल्याच्या कागदावरसुद्धा तू आधी मला वाचायला लावायचास. आणि सरांनी तुला काय सांगितलं? यादीचं नाव लकी लूजर. लूजर एवढं इंग्रजी तुला येत होतं. माझी पोर हरलेली आहे, असं मी तिच्याकडून लिहून देऊ? हात दाखवून अवलक्षण? मला तुझा आवाज ऐकू येतो त्यात. हे शंभर टक्के तूच आहेस.

पण मग दुपारी दुसरंच वाटतं. त्या बुधवारी खारबावची माणसं मला बघायला यायची होती ना? सोमवारी मी हरले. मंगळवारी सही करून तिथे थांबले असते, तर बुधवारी घरी कशी पोचणार होते? तू पाहुण्यांसाठी मला परत आणलंस का? हा विचार आला की मी तुझ्या फोटोकडे बघायचंच टाळते.

आणि कधी वाटतं, यातलं काहीच नाही. तू माझे सुजलेले डोळे बघितलेस, हातावरचे फोड बघितलेस आणि तुला वाटलं, बास झालं. आणखी एक दिवस पोरीला कुणाच्या तरी पाय मुरगळण्याची वाट बघत बसवायचं? तेही तूच आहेस.

एकाच माणसाला मी तीन कारणं कशी चिकटवायची? तू असतास तर एकदा खाकरला असतास आणि कळलं असतं.

त्यात भर तुझ्या वादांची. सोलापूरनंतर तू एकदम टेनिसचा पंडित झालास. तोपर्यंत तू फक्त माझ्या मॅचला येऊन बाकावर बसायचास. नंतर मोठी स्पर्धा आली की तुला ड्रॉ छापून हवा. लाल पेनाने मानांकितांवर गोल, पात्रता फेरीतून आलेल्यांवर हिरवी रेघ. मला वाटायचं, मी खेळायची थांबले म्हणून हा वेळ घालवतो. आपली भांडणं तर वर्षानुवर्षं चालली. तुझं म्हणणं, मानांकन म्हणजे मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेली सोय. "मोठा मोठ्याला आडवा येऊ नये म्हनून येवरी काळजी. मंग ल्हानाची काळजी कोन घेतं?" मी म्हणायचे, "बाबा, बैलगाडीच्या शर्यतीत तुम्ही तरी गावातल्या दोन तगड्या जोड्या पहिल्याच फेरीत एकमेकींसमोर लावता का? मग फायनलला लोक काय बघणार?"  मग तू विषय बदलून वाइल्ड कार्डवर घसरायचास. आयोजक आपल्या मर्जीने कुणाला थेट आत घेतात, ते तुला बिलकूल खपायचं नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, हे तू त्या पोरींबद्दल इतक्यांदा म्हणालास की मला त्यांची दया यायची.

पात्रता फेरीवाल्यांवर मात्र तुझा जीव. बांधावर आपोआप उगवलेलं भात म्हणायचास त्यांना. कुणी पेरलं नाही, कुणी खत घातलं नाही, तरी उभं राहिलं.

पण लकी लूजर? त्यांच्याबद्दल तू नेहमी एकच बोललास. "हारला तो हारला. त्याला परत आत घेनं बराबर नाय." मी किती समजावलं की जागा रिकामी राहण्यापेक्षा बरं ना! तू ऐकायचाच नाहीस. पालथ्या घड्यावर पाणी. गेल्या महिन्यातही याच्यावरून आपलं वाजलं. तू पलंगावर उशीला टेकून बसला होतास, टीव्हीवर एक लकी लूजर दुसऱ्या फेरीत गेली होती. मी म्हणाले, "बघ, हरलेली पोर कुठे पोचली." तू म्हणालास, "तिचा बापूस हुशार असंल." मला वाटलं तू टोमणा मारतोयस. मी हसले आणि चॅनल बदललं.

आता ते वाक्य मला जेवू देत नाही. ते टोमण्याने म्हणालास की नाही? मी चॅनल बदललं नसतं तर तू पुढे बोलला असतास का?

काल शेवटी मी आईला विचारलं. इतके दिवस विचारत नव्हते, कारण तिला माहीत नसेल तर तिलाही माझ्यासारखं व्हायचं. ती अंगणात तुझे कपडे वाटण्यासाठी वेगळे काढत होती. मी सरळच म्हणाले, "आई, सोलापूरला बाबाने मला सहीचं सांगितलं नव्हतं. सर बोलले."

तिने हातातला सदरा खाली ठेवला नाही. घडी घालतच म्हणाली, "माहीत हाय मना."

"कधीपासून?"

"तवाच. गनेशपुरीशी आला त्या दिवशी."

मला आठवलं. सोलापूरहून आल्यावर बुधवारी सकाळी तू म्हणाला होतास, गुडघे धरलेत, गणेशपुरीला जाऊन दोन दिवस गरम पाण्याच्या कुंडात पाय टाकून बसतो. तुझा तिथे कुणी ओळखीचा भातवाला होता, त्याच्याकडे राहायचास. खारबावच्या माणसांना तूच निरोप पाठवलास की पुढच्या आठवड्यात या. मला वाटलं होतं, त्यांचंच काहीतरी काम निघालं असेल. हे मी आजवर एकमेकांशी जोडलंच नव्हतं.

"गनेशपुरीला गेलाच नव्हता तो," आई म्हणाली. "शुक्रवारी आला तं मी पिशवी खाली केली. टॉवेल कोरा. कुंडावर दोन दिस राहून टॉवेल कोरा कसा ऱ्हाईल? मी बोलले, खरं सांग, कुठं गेलतास? तवा बोलला. सोलापूरला गेलतो."

मी तिच्याजवळ दगडावर बसले.

"तुझ्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, त्याची घेतली, आनि कल्याणशी गाडी धरली. ऑफिसात जाऊन बोलला, पोरीचं नाव लिवा, मी बापूस हाय, माझी सही घ्या. पायजे तितक्या जागी घ्या."

बाबा, तू. पाहिजे तितक्या जागी.

"मंग?"

"मंग काय? तो मानूस चांगला होता. बोलला, काका, सही खेलनाऱ्यानंच करावाची अस्ते. आनि ती जागा भरली पन." आईने सदरा ठेवला आणि दुसरा घेतला. "हा तिथंच बसला. तुझ्या जागी जी पोर गेली ना, तिची मॅच होती त्या दिवशी. पुरी बघून आला."

"काय म्हणाला?"

"बोलला, बरी खेलते. पाय चांगले हायत तिचे. पन आपल्या पोरीचा बॅकहॅन्ड तिला नाय."

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. आई घड्या घालत होती. मी विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?"

"त्यानं शपथ घातली. बोलला, मी सांगीन. माझ्या तोंडानं सांगीन." सदऱ्याची बाही सरळ करत ती म्हणाली, "रोज बोलायचा, उद्या सांगतो."

तर हे असं आहे. काल दुपारपासून माझ्याकडे आणखी एक बाबा आला आणि आधीचे तिघे काही गेले नाहीत. ज्याने मला सही करू दिली नाही तोही तूच आणि जो स्वतः सही करायला दिवसभराचा प्रवास करून गेला तोही तूच. हारला तो हारला म्हणणारा तूच आणि परक्या पोरीची मॅच उन्हात बसून पुरी बघणाराही तूच. त्या बाकावर तू काय विचार करत होतास? टाळ्या वाजवल्यास का? तिच्या बापाशी बोललास का? ते लाल गोल, ती हिरवी रेघ, ते सगळे छापलेले ड्रॉ, ते माझ्यासाठी होतं की तुझ्या स्वतःसाठी? मी आईला आणखी विचारलं, तिला एवढंच माहीत आहे.

तू दुष्ट नव्हतास, एवढं मला कळलं. त्यासाठी मी रडले. तू भित्रा होतास, हेही कळलं. कोर्टकचेरीला, तलाठ्याला, गोदामवाल्यांच्या वकिलांना न घाबरणारा माणूस आपल्या पोरीला घाबरला. माझ्या कुठल्या गोष्टीला घाबरलास रे? मी आदळआपट करते, तोंडाने फटकळ आहे, मान्य. ते तुझ्याकडूनच आलंय. पण तू सांगायचा प्रयत्न तरी करून बघायचास.

आणि आभारही मानायचे आहेत, तेही इथेच उरकते, नाहीतर रागात राहून जातील. लूमवाल्यांच्या वस्तीत, सिमेंटच्या कोर्टवर, आपल्या जातीतल्या, आपल्या गावातल्या एकाही पोरीने हातात न धरलेली वस्तू तू मला आणून दिलीस. लोक हसले तेव्हा तूही त्यांच्याबरोबर हसलास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मला कोर्टवर सोडलंस. खारबावच्या माणसांना मी नाही म्हणाले तेव्हा तू एका शब्दानेही 'का' म्हणून विचारलं नाहीस. ते त्या वेळी मला मोठेपण वाटलं होतं. आता त्यातही शंका येते की तू मला तेवढं देणं लागत होतास, असं तुला वाटत होतं की काय. बघ, आभार मानायला बसले तरी शेवटी प्रश्नच निघतात.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नसेल. त्या मंगळवारी संध्याकाळी मी जो ड्रॉ बंद केला, तो नंतर कधीच उघडला नाही. त्या मुलीचं पुढे काय झालं, ती कुठवर गेली, मी बघितलेलं नाही. बघवलंच नाही. तिची पहिली मॅच मंगळवारचीच होती आणि तू बुधवारी निघून तिची मॅच बघितलीस, म्हणजे पहिली फेरी तर ती जिंकलीच असणार. दुसरीचं काय झालं? फोन इथेच आहे, शोधलं तर दोन मिनिटांत सापडेल. पण तू तिथे बसून पुरी मॅच बघितलीस आणि नऊ वर्षं माझ्यासमोर जेवलास.

तू सांगितलं असतंस तर मी भडकले असते, बाबा. ताट सरकवलं असतं. चार दिवस बोलले नसते तुझ्याशी. पाचव्या दिवशी मीच येऊन विचारलं असतं, कोण जिंकलं?